व्याज नाही, तर बँक खाते काय?

गावी आलो की हा प्रश्न ठरलेला. "तुमच्या त्या दुबईच्या बँकेत व्याज घेत नाहीत म्हणे. मग तुमचा पगार कुठून निघतो?" कॉलेजातलं कुणी असेल तर जरा वरच्या पट्टीत विचारतं, "इस्लामी अर्थव्यवस्था हा भांडवलशाहीला पर्याय आहे का हो?" मी अशाच एका बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षं काढली (तिथे 'कर्ज' म्हणायचं नाही, 'फायनान्स' म्हणायचं), म्हणून एकदा नीट लिहितो. माझ्या मते तो पर्याय नाही. भांडवलशाहीशी इस्लामचं भांडण आहे, पण ते एका कलमापुरतं. पैसा लावणाऱ्याने धोका पत्करायचा की नाही, एवढंच.

नफ्याचं इस्लामला वावडं नाही. पैगंबर स्वतः व्यापारी होते. हजरत खदीजा (पुढे त्यांच्या पत्नी झाल्या) यांचा माल घेऊन ते सीरियाला गेले, भांडवल खदीजांचं आणि मेहनत पैगंबरांची, असं परंपरा सांगते. या बोलीला मुदारबा म्हणतात. नफा आधी ठरलेल्या वाट्याने वाटायचा. तोटा झाला तर एकाचा पैसा गेला, दुसऱ्याची मेहनत गेली. मदिनेत भाव चढले तेव्हा लोक म्हणाले, भाव बांधून द्या. पैगंबरांनी नकार दिला, अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची आठवण) आहे. दलाल स्ट्रीटवर कुणालाही हे ऐकून बरं वाटेल. हराम आहे ते रिबा, म्हणजे धंदा बुडो की तरो, माझे पैसे वाढूनच परत आले पाहिजेत हा हट्ट.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. समजा एकाला 60 हजार दिरहमची गाडी हवी आहे. आधी तो 'गाडी मी घेईन' असं वचन लिहून देतो. मग बँक शोरूमकडून गाडी खरेदी करते, बिल बँकेच्या नावाचं. लगेच नफा चढवून तीच गाडी त्याला विकते, समजा 66 हजारांना, हप्त्यांवर. हा मुराबहा. वरचे सहा हजार कुठून आले? आमचे दर ठरवताना नजर 'आयबोर'वर असते, म्हणजे अमिरातीतल्या बँका एकमेकींना ज्या व्याजाने पैसे देतात त्या दरावर! गिऱ्हाईक शेजारच्या साध्या बँकेचा कागद आमच्या कागदाशेजारी ठेवतं आणि गालात हसतं.

तरी फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. गाडी बँकेच्या नावावर असेपर्यंत तिला काही झालं तर नुकसान बँकेचं. शिवाय एकदा 66 ठरले की 66च. हप्ता थकला तर दंड लागतो, पण तो बँकेच्या उत्पन्नात धरत नाहीत, धर्मादायाला जातो. आपल्याकडे मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंसाठी दामदुपटीचा नियम होता, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येत नसे. सावकारी चक्रवाढीची धास्ती दोन्हीकडे सारखीच.

रोख पैसे हवे असतील तर मात्र कसरत सुरू होते. मलेशियात 2009 पासून त्यासाठी खास बाजारच आहे. गिऱ्हाईक बँकेकडून कच्चं पामतेल उधारीत घेतं, ते त्याच्या वतीने लगोलग रोखीने विकलं जातं आणि पैसे खात्यात जमा. तेलाचा थेंबही त्याला दिसत नाही. याला तवर्रुक म्हणतात. त्याच वर्षी शारजात भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने (फिक्ह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र-कायदा) असा आखीव तवर्रुक नाजायज ठरवला. बँकांनी काय केलं? चालू ठेवला.

कहर केला तो अमिरातीतल्या दाना गॅसने. 2017 मध्ये कंपनी म्हणाली, आमचे 70 कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे शरियतसंमत रोखे, आता शरियतसंमत राहिलेले नाहीत, सबब पैसे देणं लागत नाही. लंडनच्या न्यायालयाने गुंतवणूकदारांच्या बाजूने कौल दिला, पुढच्या वर्षी तडजोड झाली. धर्माचा आधार घेऊन देणं टाळायचा हा प्रयत्न मला अजूनही निर्लज्ज वाटतो.

सुरुवात अशी नव्हती. 1963 मध्ये इजिप्तच्या मित गम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक काढली. नमुना जर्मनीतल्या स्थानिक बचत बँकांचा, कारण ते तिथे शिकून आले होते. गिऱ्हाईक शेतकरी आणि छोटे कारागीर. काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळला गेला. 1975 मध्ये दुबईत आणि जेद्दात बँका उभ्या राहिल्या त्या तेलाच्या पैशावर, आणि त्या पैशाला मित गम्रच्या शेतकऱ्याबरोबर तोटा वाटून घ्यायची हौस नव्हती.

सगळा दोष बँकांचाही नाही. आमचं बचत खातं कागदावर मुदारबाच आहे, म्हणजे तोटा आला तर ठेवीदारानेही सोसायचा. पण बँका चांगल्या वर्षात थोडा नफा राखून ठेवतात आणि वाईट वर्षी त्यातून भर घालतात, कारण दर घसरला की ठेवीदार पैसे उचलून समोरच्या बँकेत जातो. फॉर्म भरताना 'तोटा झाला तर?' असं विचारणारा मला कुणी भेटला नाही. सगळे विचारतात, सध्या रेट काय चाललाय. ठेव ठेवताना मीही तेच विचारलं होतं.