येन हलला की शिरोलीत कोटेशन बदलतं

संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या जुन्या सीएनसी मशीनला नवा कंट्रोलर, नेमकी हालचाल देणाऱ्या नव्या सर्व्हो मोटर बसवायच्या आणि मशीन पुन्हा कामाला लावायचं, हा आमचा धंदा. सुरुवात कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात झाली, पुढं शिरोली एमआयडीसीत शेड घेतली. गिऱ्हाईक म्हणजे इथल्याच फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आणि मशीन शॉप. पैसे येतात रुपयात. मोटर आणि त्या चालवणारे ड्राइव्ह मात्र जपानचे, मशीनचे भाग सरळ रेषेत सरकवणारे बॉल स्क्रू आणि लिनिअर गाइड तैवानचे.

ऑक्टोबर 2011 च्या अखेरीस एका डॉलरला 76 येनसुद्धा मिळत नव्हते. तेव्हा जपानी मोटरचा भाव ऐकूनच फाउंड्रीवाले चहा पिऊन उठायचे. जपानच्या पंतप्रधानपदी शिंझो आबे आल्यावर येन उतरत गेला आणि आमच्या ऑर्डरी वाढल्या. यात आमची हुशारी किती आणि येनची घसरण किती, हे आजही सांगता येणार नाही.

जुलै 2024 मध्ये डॉलर 162 येनच्या जवळ गेला. 1986 नंतर येन इतका स्वस्त झाला नव्हता. लाख येनची मोटर साधारण 52 हजार रुपयांत पडत होती. 31 जुलैला बँक ऑफ जपाननं व्याजदर वाढवला, पाठोपाठ अमेरिकेतले नोकऱ्यांचे आकडे कमकुवत आले. स्वस्त येन कर्जानं उचलून जगभर शेअर घेतलेल्यांची पळापळ सुरू झाली. 5 ऑगस्टला जपानचा शेअर निर्देशांक निक्केई 12.4 टक्के कोसळला, तैवानात चिप बनवणाऱ्या टीएसएमसीचा शेअर जवळपास 10 टक्क्यांनी आपटला. आमची तीच मोटर 58 हजारांवर गेली होती. तिकडं येन महाग झाला म्हणून निर्यातदार कंपन्यांच्या नफ्याची काळजी, इकडं आमच्या दिलेल्या कोटेशनची! दुसऱ्या दिवशी निक्केई 10 टक्के वर आला, पण येन काही लगेच आधीच्या भावाला गेला नाही.

तैवानचं गणित फसवं. तिथला पुरवठादार बिल डॉलरमध्ये लावतो, त्यामुळं आपल्याला फक्त डॉलर-रुपया बघायचा, असं वाटतं. मे 2025 च्या सुरुवातीला तैवान डॉलर दोन-तीन दिवसांत एकदम उसळला. पुरवठादाराचे पगार आणि वीजबिल तैवान डॉलरमध्ये, मग आमच्याकडं सुधारित प्रोफॉर्मा, म्हणजे मालाआधीचं कच्चं बिल, आला : दर वाढवून. त्याला तरी काय बोलणार? तैवान डॉलर 1 टक्का वधारला की मार्जिन सुमारे 0.4 टक्क्यांनी खाली येतं, असं टीएसएमसीसारखी कंपनी स्वतः सांगते. आमचा पुरवठादार तर आमच्यासारखाच शेडवाला.

आमच्याकडं पीएलसीचे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा आयटीचे शेअर बाळगून आहे. रुपया पडला की या कंपन्यांची डॉलरमधली कमाई रुपयात फुगते, म्हणून तो खूश. डिसेंबर 2025 मध्ये डॉलर 90 रुपयांच्या पार गेला, तेव्हा त्यानं पेढे आणायची भाषा केली. मी त्याला स्टोअरमध्ये नेऊन ड्राइव्हच्या खोक्यांवरची नवी किंमत दाखवली.

आता मोठी ऑर्डर आली की बँकेत फॉरवर्ड कव्हर घेतो, म्हणजे पुढच्या तारखेचा चलनाचा भाव आजच बांधून घेतो. त्याचा खर्च कोटेशनमध्येच धरतो. लहान ऑर्डरीला ते परवडत नाही, तिथं कोटेशनची मुदत पंधरा दिवस आणि खाली एक ओळ : येनचा भाव 3 टक्क्यांहून जास्त हलला तर दर बदलेल. कागलचे एक फाउंड्रीवाले ती ओळ वाचून म्हणाले, ‘‘येन उतरला तर कमी कराल न्हवं?’’ करतो म्हटलं. ऑर्डर मिळाली.