दुखतंय का?

रात्री दोन वाजता आईचं सलाईन बदलताना सिस्टर काहीतरी पुटपुटत होती. आधी वाटलं, स्तोत्र म्हणतेय. नीट ऐकलं तर, "हाबेन झी श्मेर्त्सन?"

मी बघतच राहिलो. ती जरा ओशाळली. "जर्मन आहे काका. 'दुखतंय का?' असं विचारायचं. पुढच्या महिन्यात बी-टू पातळीची भाषेची परीक्षा आहे."

ॲप्रनच्या खिशात तळहाताएवढी वही. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला देवनागरीतच लिहिलेलं जर्मन. ताप, मळमळ, चक्कर, कुशीवर वळा. पानांच्या कडा सॅनिटायझरने फुगलेल्या.

वॉर्डात त्या रात्री ३६ पेशंट होते, आणि सिस्टर दोघी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. त्यात नर्सेसही आहेत. तिकडे म्हातारी माणसं वाढली, सांभाळणारे हात कमी पडतात. इकडे ही मुलगी ११ महिन्यांच्या कंत्राटावर, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. जाऊ नकोस, असं तिला कुठल्या तोंडाने सांगू? मला तर तिचं कौतुकच वाटलं. पण जिला इथे राहायचंय, तिला राहता येईल असा पगार, अशी कायमची नोकरी आपण का देत नाही? रात्रभर हेच डोक्यात होतं.

पहाटे आई कण्हली. मी उठायच्या आत ती आलेली. कपाळावर हात ठेवून, मराठीत, "आजी, दुखतंय का?"

आई म्हणाली, "आता नाही गं बाळा."