वेळासची कासवं आणि ईयोबाचं शहामृग

आमच्या घरात सुट्टी लागली तरी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची बायबलची शाळा, सुटत नाही. माझे सासरे, आमचे पप्पा, चर्चचे निवृत्त पाळक. जन्मभर दर रविवारच्या उपदेशासाठी दृष्टान्त हुडकायची सवय, ती कुठली निवृत्त व्हायला! डोंगर दिसला की बायबलातलं एकशे एकविसावं स्तोत्र, मेंढरं दिसली की तेविसावं. कोकणात उतरताना वाटेत एक पळस ऐन फुलात होता. पप्पांनी गाडी थांबवून मुलांना मोशेला दिसलेलं, जळूनही भस्म न होणारं झुडूप सांगितलं. मागच्या गाडीवाल्यानेही आम्हाला काहीतरी सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

निघालो होतो वेळासला. मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं हे गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून आधीपासून ठाऊक होतंच, आता लोक जातात ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. पूर्वी इथे अंडी सर्रास चोरीला जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, गावकरी सोबत आले आणि २००६पासून कासव महोत्सव भरू लागला. रात्री मादी किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. कासवमित्र ती अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल पुरतात. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस सगळं उन्हाच्या हवाली. पिल्लू नर होणार की मादी, तेही वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

सकाळी खड्ड्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. एका टोपलीखाली काळपट पिल्लांची गर्दी झाली होती. पाण्यापासून थोडं अलीकडे त्यांना वाळूवर सोडलं. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. तळहातात दोन मावतील एवढीशी. पाठीवर वाळू चिकटलेली, पुढचे पाय वल्ह्यासारखे मारत चार पावलं जायची आणि दमून थांबायची, मान टाकून. वाटतं, संपलं. मग पुन्हा वल्हं सुरू. एकाची वाट माणसाच्या पावलाच्या ठशातून जात होती. त्या खड्ड्यातून बाहेर यायला त्याला इतका वेळ लागला की माझ्या लेकीने दोरीखालून हात घातलाच होता. कासवमित्र ओरडला, "ताई, हात नको. त्याचं त्यालाच चालू दे."

पप्पांना एवढं पुरे होतं. "बघा, प्रकाशाकडे कशी धावतात! कोणी शिकवलं?" पुढचं वाक्य आम्हाला पाठ होतं: प्रभू म्हणतो, मी जगाचा प्रकाश आहे. पण रात्री बाहेर आलेली पिल्लं विजेच्या दिव्याकडेही तितक्याच भक्तिभावाने धावतात, समुद्राकडे पाठ फिरवून. म्हणून तर किनाऱ्यालगतचे दिवे घालवायला सांगतात. तयार धडा असा एका बल्बने मोडतो. मला या झटपट धड्यांचा जरा धसकाच आहे. पिल्लू पाण्याला टेकायच्या आत आमेन!

दुपारी जेवताना घरमालकीण काकू सोलकढी वाढत म्हणाल्या, "कासवी पोरांना नजरेनंच पोसते हो." ही कासवीची कृपादृष्टी अभंगांतून आपल्या सगळ्यांच्या कानावर आलेली. कल्पना सुरेखच, पण वेळासची कासवी पिल्लांकडे वळूनसुद्धा बघत नाही. पिल्लं जन्मतात तेव्हा ती कुठल्या पाण्यात असते कोण जाणे. लेक म्हणाली, "म्हणजे तिला पोरांचं काहीच नाही?" पप्पा आईच्या मायेवर बोलायच्या तयारीत होते, ते थांबले. भात कालवत बसले.

संध्याकाळी पडवीत त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं ते ईयोबाच्या पुस्तकाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायावर. मी चकित झाले, कारण हा अध्याय उपदेशात फारसा येत नाही. तिथे शहामृगी आहे. ती अंडी जमिनीवर टाकते, वाळूत उबवते, कुणाचा पाय पडेल याचं तिला भान नाही. पोरं आपली नाहीतच अशी वागते. (खऱ्या शहामृगावर हा थोडा अन्याय. दिवसा मादी आणि रात्री नर, असे ते आळीपाळीने अंड्यांवर बसतात.) पण ईयोबाने काय विचारलं होतं आणि देव काय दाखवतोय! पोरं गेली, गुरं गेली, अंगभर फोड; तो विचारतो, ‘का?’ आणि वावटळीतून उत्तर येतं ते रानबकरीचं, रानगाढवाचं, घोड्याचं, ससाण्याचं. तात्पर्य एकाचंही नाही. शहामृगीला अक्कल दिली नाही, हेही देव स्वतःच सांगतो. वर म्हणतो, ती धावायला लागली की घोड्याला आणि स्वाराला हसते. हे सांगताना त्याला तिचं कौतुक वाटतंय, असं मला तरी वाटतं.

बायबलातला यशया संदेष्टाही आई विसरत नाही असं छातीठोकपणे सांगत नाही. तिला कदाचित विसर पडेल, पण मला पडणार नाही, असं देव म्हणतो, असं तो लिहितो. वेळासला हे वचन जास्त पटतं.

आणि चिमण्यांचं काय? मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या विकतात दमडीला दोन, लूकाच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकटची, दुकानदाराने वर टाकलेली. तिचाही विसर देवाला पडत नाही, असं प्रभू म्हणतो. ती जमिनीवर पडणार नाही, असं मात्र म्हणत नाही. कासवांचंही हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात. बाकीची घारी, कावळे, खेकडे आणि मासे यांच्या वाट्याची. शब्बाथशाळेत आम्ही ते वचन विम्याच्या पॉलिसीसारखं पाठ केलं होतं. खालची बारीक अक्षरं पडवीत बसून वाचली.

"मग देव त्या हजारांना मोजतो का?" लेकीने विचारलं. पप्पा म्हणाले, "मोजत असणार." जरा वेळाने म्हणाले, "पण मोजून काय करतो, ते मला विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाणकोटच्या किल्ल्यावर गेलो. तटातून झाडाची मुळं बाहेर आली होती. पप्पांनी काठी टेकली, घसा खाकरला, "मोहरीचा दाणा..." आणि लेक दोन पायऱ्या वरून ओरडली, "आजोबा, आधी वर तर या! इथून खाडी दिसते."