मिस्सेची वाट पाहणाऱ्या वस्त्या

वसईत वाढल्यामुळे पहाटेची घंटा, पाठोपाठ चर्चकडे निघालेली म्हातारी माणसे आणि वेदीवर उभे असलेले फादर मला रोजचेच वाटत आले. म्हणूनच ॲमेझॉनच्या खोऱ्यातील काही वस्त्यांवर धर्मगुरू महिनोन्‌महिने, कधी तर काही वर्षे फिरकू शकत नाहीत, हे ॲमेझॉनविषयीच्या २०१९ च्या सिनडच्या, म्हणजे बिशपांच्या सभेच्या, अंतिम दस्तऐवजात वाचले तेव्हा जीव कासावीस झाला. पोप फ्रान्सिस यांनीच पुढे लिहिले की अशा ठिकाणी श्रद्धा टिकवली ती बाप्तिस्मा देणाऱ्या, धर्मशिक्षण देणाऱ्या, प्रार्थना चालवणाऱ्या स्त्रियांनी. पण मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, अर्पण करणे, पापनिवेदन ऐकणे आणि मरणाऱ्याला अभ्यंग, म्हणजे पवित्र तेल लावण्याचा संस्कार, करणे त्यांच्या हाती नाही; ते धर्मगुरूच करू शकतो.

समाजाने मानलेल्या विवाहित डीकनांना (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरील दीक्षित सेवकांना) गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा, देता यावी, हा प्रस्ताव त्या सिनडने १२८ विरुद्ध ४१ मतांनी संमत केला होता. फेब्रुवारी २०२० मधील पोपच्या पत्रात मात्र त्याचा उल्लेखही आला नाही, आणि याची खंत मला आजही वाटते. धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य ही लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य कॅथलिक, परंपरेची शिस्त आहे, श्रद्धासिद्धांत नव्हे. पोपलाच मानणाऱ्या अनेक पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषांना दीक्षा मिळते, आणि अँग्लिकन पंथातून आलेल्या संसारी धर्मगुरूंनाही रोमने सामावून घेतले आहे. स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये सांगितले. तो प्रश्न त्यामुळे अधिक अवघड आहे. विवाहितांचा मात्र तितका अवघड नाही, आणि त्या वस्त्यांमध्ये माणसे आजही अभ्यंगाविना मरत आहेत.