कात्रज ते सिंहगड: टेकड्या मोजू नका, घसारा सांभाळा

कात्रज ते सिंहगड ट्रेकबद्दल "तेरा टेकड्या, पाच तासांत सिंहगड" असं कोणी सांगितलं तर त्याला आधी विचारा, शेवटचे उतार उजेडात पाहिलेत का? टेकड्या तेरा की सोळा हा वाद व्यर्थ आहे. धारेवरचे, म्हणजे डोंगराच्या माथ्याच्या रेषेवरचे, बारीक उंचवटे धरायचे की नाही, एवढाच तो फरक. वेळ मात्र सात-आठ तास धरा आणि पाणी माणशी चार लिटर. जुन्या कात्रज बोगद्याजवळचं वाघजाई मंदिर सोडलं की थेट सिंहगडाच्या घाटरस्त्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही.

पहिली निम्मी वाट सोपी. धार सोडायची नाही, पुणे उजव्या हाताला, खेड शिवापूरकडचं खोरं डावीकडे, गडावरचा मनोरा समोर. दिवाळीनंतर जाळीचे बूट घालू नका, कुसळं आरपार घुसतात.

खरा त्रास उत्तरार्धातल्या घसाऱ्यावर, म्हणजे पाय घसरणाऱ्या उतारांवर. टणक जमिनीवर सुट्या मुरमाचा बोटभर थर, म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारीच. टाच रुततच नाही. अंग उताराला आडवं वळवा, गुडघे जरा वाकवा, अख्खा तळवा टेकवत छोटी पावलं टाका. दोघांत दहा-बारा फूट अंतर ठेवा आणि एकाखाली एक उभे राहू नका. वरच्याने सोडलेला दगड खालच्याच्या घोट्यावरच येतो. गवताचा ठोंब धरून उतरणं सगळ्यात वाईट. तो मुळासकट हातात येतो, तुम्ही पडता ते पडताच, वर तिथली माती उघडी पडते.

इथला घसारा निम्मा आपणच केलेला आहे. जुनी वाट नागमोडी आहे. घाईत लोक वळणं कापून सरळ खाली सुटतात, गवत मरतं, त्या चरातून पहिल्याच पावसाचं पाणी धावतं आणि चराची ओघळ होते. ओघळीत पाय ठरत नाही म्हणून पुढचे लोक तिच्या शेजारून उतरतात, की दुसरी ओघळ. काही उतारांवर अशा तीन-तीन समांतर ओघळी आहेत. वळणावरून गेलात तर फार तर पाच-सात मिनिटं जास्त लागतात. कृपा करून वळणावरूनच जा. ओघळीच्या तोंडाशी आडवे दगड रचलेले दिसले तर ते हलवू नका, पाणी अडवायला आणि वाट बंद करायला ठेवलेत.

रात्रीचा ट्रेक? माझं मत स्पष्ट आहे: नको. बॅटरीच्या झोतात वळण दिसत नाही, ओघळच वाट वाटते. थंडीत पहाटे पाचला बोगद्यापासून निघा. फेब्रुवारीपासून पुढे तर हा ट्रेकच नको. ऊन असतं आणि वणव्याची भीती. काडी, शेकोटी, चूल काहीही पेटवू नका. जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, वणवा थोपवायला असतात, जेवायला बसायला नाहीत.

घाटरस्त्यावर पोचल्यावर थकलेला चेहरा बघून जीपवाले दर वाढवतात. आमच्याकडे पायथ्यापर्यंत माणशी दोनशे मागितले. बसण्याआधी भाव ठरवा, नाहीतर डांबरी रस्त्याने चालत खाली या आणि पायथ्यावरून स्वारगेटची पीएमपी बस पकडा.