तुम्ही विचारलंत म्हणून: ध्यानात काय दिसतं?

ऑफिसात डबा खाताना विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, परवा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "इतकी वर्षं ध्यानाला बसतेस, तुला दिसतं तरी काय?" घाईत असले की मी नुसती हसते आणि पुढे जाते. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांत खरी ओढ असते, म्हणून एकदा नीट सांगते.

दिसतं, कधी कधी. मिटलेल्या डोळ्यांपुढे निळसर उजेड येतो, शरीर हलकं होतं, श्वास इतका बारीक होतो की तो चालू आहे की नाही कळत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी धावत ज्यांच्याकडून साधना घेतली त्या बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उजेड कोणाला दिसला?" मग त्या भाजी निवडायला लागल्या.

त्या प्रश्नात वेदान्ताचा सगळा धडा होता. समोरचं रूप दिसतं, ते डोळा पाहतो. डोळा अधू झाला, पाणावला, हे मनाला कळतं. मन चिडलं, मन निवलं, हेही कोणाला तरी कळतं. ते ज्याला कळतं त्याला साक्षी म्हणतात, आणि त्या साक्षीला मागे उभं राहून पाहणारं आणखी कोणी नाही. उजेड, नाद, देवाची मूर्ती, कितीही सुंदर असली तरी ती सगळी दिसणाऱ्याच्या बाजूची. आपण शोधतोय तो पाहणाऱ्याच्या बाजूला. म्हणून "काय दिसलं" या प्रश्नाचं उत्तर देता देता माणूस उलट्या दिशेने चालायला लागतो.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपल्या पत्नीला, मैत्रेयीला, सांगतात की आत्मा पाहावा, ऐकावा, त्याचं मनन करावं, निदिध्यास घ्यावा. आणि त्याच संवादाच्या शेवटी तेच विचारतात, "विज्ञातारमरे केन विजानीयात्", जो जाणणारा आहे त्याला कशाने जाणणार? पाहा म्हणायचं आणि पाहणार कशाने असंही विचारायचं. मला वाटतं, ध्यानाला बसणाऱ्याने या दोन वाक्यांच्या मधेच मुक्काम करायचा असतो.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. आमची गिरगावातली दोन खोल्यांची चाळीतली जागा. पहाटे पाणी यायच्या आधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चटई, तिच्यावर घडी घातलेली घोंगडी, पाठ भिंतीपासून थोडी सुटी. श्वास आत जाताना 'सो', बाहेर येताना 'हं'. चार-सहा श्वास नीट जातात. तेवढ्यात शेजारी मिक्सर सुरू होतो. आधी नुसता आवाज असतो, त्याला नावही नसतं. मग "मिक्सर" हा शब्द उठतो. मग "इतक्या पहाटे?" मग गेल्या वर्षीचं गॅलरीतल्या कपड्यांवरून झालेलं भांडण आठवतं, त्यात मी काय बोलायला हवं होतं ते सुचतं, छातीत गरम होतं. आणि या सगळ्यात मी बसलेय, श्वास मोजतेय, हे पार पुसलं जातं. भांडणारी बाई तेवढी उरते.

पतंजलींनी हे किती थोडक्यात मांडलंय! योगसूत्रांतलं दुसरं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, "योगश्चित्तवृत्तिनिरोधः", चित्तात उठणाऱ्या वृत्ती, म्हणजे विचार-भावनांच्या लाटा, थांबणं म्हणजे योग. पण खरी गोष्ट पुढच्या दोन सूत्रांत आहे. वृत्ती थांबल्या की द्रष्टा, म्हणजे पाहणारा, स्वतःच्या रूपात राहतो, आणि एरवी, "वृत्तिसारूप्यमितरत्र", तो वृत्तीसारखाच होऊन बसतो. मिक्सरच्या आवाजापासून भांडणापर्यंतच्या त्या काही क्षणांत मी नेमकी अशी वृत्तीसारखी होऊन बसते. ध्यान म्हणजे मिक्सर बंद पडण्याची वाट पाहणं नाही. या साखळीची कडी अन् कडी दिसायला लागणं, आणि कधीतरी "मिक्सर" या शब्दापाशीच ती तुटणं, ही त्याची सुरुवात. तेव्हा आवाज असतो, मी असते, मधे काही नसतं. तो क्षण टिकत नाही. पण त्याची चव विसरत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन आवरणं म्हणजे वारा पकडणं. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत, "असंशयं" म्हणतात, त्यात शंकाच नाही. आणि मग अभ्यास आणि वैराग्य ही दोनच नावं घेतात. मन जिथे पळेल तिथून परत आणायचं. पळालं म्हणून ध्यान बिघडलं असं मी आता मानत नाही. परत आणणं हेच तर काम.

दुसरा प्रश्न याच्या मागोमाग येतो. मुंबईत हे होतं का? त्यासाठी हिमालयात जायला हवं ना?

आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा खेतवाडीत निसर्गदत्त महाराज राहत. मारुती शिवरामपंत कांबळी, जन्म १८९७, व्यवसाय विडीचा, बायको-मुलं, घरातच पोटमाळा. त्याच माळ्यावर ते बसत, भजन होई, आणि परदेशातून आलेली माणसं अरुंद शिडी चढून त्यांना प्रश्न विचारायला येत. १९३३ साली त्यांना त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज भेटले, आणि १९३६ मध्ये गुरूंनी देह ठेवला. म्हणजे सहवास तीनेक वर्षांचाच. गुरूंनी सांगितलं ते एवढंच, की 'मी आहे' ही जी जाणीव आहे तिला धरून राहा. मी अमुक, मी तमुक, हे पुढचं सगळं सोडायचं आणि 'आहे' एवढ्यावर ठेपायचं. त्यांनी ते खरं मानलं आणि दुकान सांभाळत केलं. १९८१ मध्ये ते गेले, तेही त्याच घरात. गुरूंच्या निधनानंतर घर सोडून ते फिरले होते खरे, पण परतले आणि पुन्हा विडीच्या दुकानात बसले. मला हे परतणं फार मोठं वाटतं.

त्यांच्या गुरुपरंपरेत, म्हणजे इंचगेरी परंपरेत, दोन वाटा सांगतात, पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग. मुंगी झाडावर हळूहळू चढते, पक्षी थेट फळावर उतरतो. पहिली वाट नामस्मरणाची, दीर्घ ध्यानाची, दुसरी विवेकाची, म्हणजे 'मी कोण' हे थेट विचाराने ओळखण्याची. सिद्धरामेश्वर महाराजांचा भर दुसरीवर होता. लोक हे ऐकून खूश होतात, बसायचा त्रास वाचला म्हणतात. मला ते पटत नाही. स्वतः सिद्धरामेश्वर महाराजांनी आधी ध्यानाचा कठोर अभ्यास केला होता. ज्याचं मन दोन मिनिटं एका जागी राहत नाही, त्याचा 'मी देह नाही' हा विचारही इतर विचारांसारखा एक विचारच राहतो.

आणि एक कळकळीने सांगते. सात दिवसांत कुंडलिनी जागृती, इतक्या हजारांत साक्षात्कार, अशा जाहिराती दिसतात. त्या विकतात तो अनुभव, आणि अनुभव येतो तसा जातो. ज्यांना नैराश्य किंवा भास होण्याचा आजार आहे त्यांनी तर कोणाच्याही सांगण्यावरून तासन्तास बसू नये, औषधं बंद करू नयेत, आधी डॉक्टरांशी बोलावं.

"मग तुला साक्षात्कार झाला का?" हेही काकूंनी विचारलंच. नाही झाला. राग येतो, पण तो येताना दिसतो आणि लवकर उतरतो. आई आजारी होती तेव्हा रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी तेच 'सो' आणि 'हं' करत होते. भीती गेली नाही. पण भीती मला दिसत होती, आणि जिला ती दिसत होती ती घाबरलेली नव्हती. हे मी कोणत्याही उजेडापेक्षा मोठं मानते.

गुरू लागतो का, असं काकूंनी जाता जाता विचारलं. लागतो, असं माझं मत. पण गुरू शोधत पाच वर्षं घालवण्यापेक्षा उद्या पहाटे वीस मिनिटं बसा. पोट रिकामं, पाठ सरळ, मोबाईल दुसऱ्या खोलीत. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, त्याने काही अडत नाही.