सातबाऱ्यावर न चढलेली वारी

आमच्या घराण्यात आषाढीची वारी किती पिढ्यांपासून चालत आली आहे, हे आज कोणालाच नेमके सांगता येत नाही. सासरे माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून चालत असत, त्यांचे पाय थकल्यावर माझे थोरले दीर, ज्यांना सगळे घर दादा म्हणते, ते चालू लागले, आणि घरातला एक माणूस चालला म्हणजे सगळे घर पंढरीला पोचले, अशी आम्हां सर्वांची समजूत होती. घराची वाटणी झाली तेव्हा जमीन, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, गोठा, जनावरे, माळ्यावरची पितळी पातेली आणि आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, तांब्याचे घंगाळसुद्धा यादीत आले. वारी मात्र कोणाच्या वाट्याला जाते, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी काढला नाही.

ही वाटणी मला नको होती आणि माझ्या जाऊबाईंनाही, म्हणजे अक्कांनाही, नको होती. दोघी एका चुलीपुढे वावरून, एकमेकींची बाळंतपणे काढून आम्ही या घरात मोठ्या झालो होतो. बांधावरून सुरू झालेली बोलाचाली भावाभावांत इतकी वाढली की शेवटी पाहुण्यांना मध्ये घालून बैठक बसवावी लागली, आणि त्या बैठकीला चहा देण्यापलीकडे आम्हां दोघींचे काही काम नव्हते. पुढे सोप्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. पहिल्या संध्याकाळी चार माणसांची भाजी किती लागते याचा अंदाज मला येईना, कारण आयुष्यभर सतरा-अठरा माणसांच्या मापाने हात चालत आला होता. भिंतीपलीकडे अक्का फोडणी घालत होत्या, तिचा वास येत होता, आणि त्यांना हाक मारावी की मारू नये हेही मला ठरवता येत नव्हते.

त्या वर्षी ज्येष्ठ लागला तसा गावात दिंडीचा निरोप फिरू लागला. दादांचे गुडघे दोन वर्षांपासून धरले होते आणि आता त्यांच्याने चालवणार नव्हते. माझे यजमान म्हणाले की यंदा राहू दे, पेरणी तोंडावर आहे, पुढच्या वर्षी बघू. एकत्र घरात असते तर मी तिथेच गप्प बसले असते, कारण अशा गोष्टी ठरवणारी माणसे वेगळी होती. पण वाटणीनंतर आमच्याकडे आलेल्या दोन म्हशींच्या दुधाचे खाते डेअरीत माझ्या नावाने उघडले होते. एकत्र घरात सगळ्या दुधाचे बिल दादांच्या नावाने येत असे आणि फॅट किती लागली, दर काय मिळाला, हे मला कधी कळतही नव्हते. त्या बिलातून साठवलेले पैसे मी काढले, दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरली आणि घरात सांगितले की वारीला मी जाते. यजमानांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हशींच्या धारा कोण काढणार एवढेच विचारले. धाकटा मुलगा काढेल, असे मी सांगितले आणि ते ठरले.

निघायच्या आदल्या रात्री दादांचा नातू भिंतीपलीकडून आला आणि दादांचे टाळ माझ्या हातात देऊन गेला. टाळांची दोरी जुनी होऊन झिजली होती, ती काढून नवी सुती दोरी ओवलेली होती. दादांनी निरोप काहीच दिला नव्हता. अक्कांनी मात्र त्याच फडक्यात डिंकाचे चार लाडू बांधून दिले होते.

आळंदीचे प्रस्थान, पुण्यातला मुक्काम, रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली माणसे यांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात मी काय भर घालणार? पुणे ते सासवड हा संपूर्ण वाटेतला सर्वांत लांब टप्पा आहे. तो एकादशीच्या दिवशी, म्हणजे उपवासावर चालायचा असतो आणि शेवटी दिवे घाट चढायचा असतो. घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात. त्या घाटात एका बाईने आपल्या डोक्यावरची तुळस माझ्या डोक्यावर ठेवली, आणि ठेवण्याआधी वाकून माझ्या पायांना हात लावला. वयाने ती माझ्या आत्याबाईंएवढी असेल. मी मागे सरले तशी ती म्हणाली, "माऊली, इथे थोरली-धाकटी नसते, घ्या." धाकटी सून म्हणून या घरात आल्यापासून मी सगळ्यांच्या पाया पडत आले होते, पण माझ्या पाया पडलेले थोरले माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. चढ संपेपर्यंत चुंबळीवरच्या त्या वृंदावनाचा भार मानेत उतरत राहिला आणि खाली ठेवावे असे एकदाही वाटले नाही.

सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. माऊलींची पालखी तिथे मुक्कामाला असतानाच सोपानकाकांची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते, पण ती माऊलींच्या मागे किंवा पुढे चालत नाही, तिचा मार्ग वेगळा आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून येते, मुक्ताईंची मुक्ताईनगराहून येते. आईवडिलांविना, गावाने वाळीत टाकलेले असताना एकमेकांना धरून राहिलेली ही चार भावंडे, आणि त्यांच्या पालख्या मात्र चार वाटांनी चालतात, ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. तिचा विचार मात्र मी त्या वर्षी सासवडच्या तळावर बसून केला.

वारीतली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती समाजआरती. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिचे खरे रूप मला या आरतीत दिसते. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, आणि चोपदाराने चोप उंच केला की तो सगळा नाद एका क्षणात थांबतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तिचेच टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो, आणि त्यानंतरच ते टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते. तक्रार असलेल्याने गप्प बसायचे नाही, आणि त्याचे ऐकल्याशिवाय आरती करायची नाही, अशी ही रीत आहे. आमच्या घरात अशी रीत असती तर वाटणी टळली असती, असे मी म्हणणार नाही. पण भिंत कुठून जावी हे ठरण्याआधी दोन बायकांना काय वाटते, एवढे तरी कोणी विचारले असते.

आमच्या दिंडीत बायकांच्या अंघोळीची सोय नीट नव्हती. पाण्याचा टँकर पुरुषांच्या राहुट्यांकडे उभा राहत असे, त्यामुळे म्हाताऱ्या बायका पहाटे तीनच्या आधी अंधारात चाचपडत उठत आणि बादली घेऊन लांब जात. सगळ्याजणी आपसांत कुरकुरत होत्या. वाल्ह्याच्या मुक्कामात मी दिंडीचालकांकडे गेले आणि सगळे नीट सांगितले. आवाज थोडा कापत होता, पण शब्द पुरे बाहेर आले. त्यांनी ऐकून घेतले, एकदोन प्रश्न विचारले, आणि लोणंदला टँकर बायकांच्या बाजूला लागून भोवती कनात बांधलेली होती. नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान होऊन पालखी आमच्या जिल्ह्यात आली होती, आणि कनातीत अंघोळ करून निघालेली एक म्हातारी मला म्हणाली, "तू घरातली थोरली सून असशील." मी धाकटी आहे, हे मी तिला सांगितले नाही.

फलटणच्या अलीकडे एका रात्री कीर्तनात तुकोबांचा तो अभंग निघाला, ज्यात ते आपले दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली, हे बरेच झाले, असे देवाला सांगतात. वाटणीनंतर भेटायला येणारी माणसे मला हेच ऐकवत होती, की जे होते ते बऱ्यासाठीच. मला ते तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. ज्याची बायको दुष्काळात अन्न अन्न करीत गेली, त्याने स्वतःच्या दुःखाविषयी असे म्हणावे, तो त्याचा अधिकार आहे; ते दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. पण कीर्तनकारांनी पुढे जे सांगितले, ते मी जपून ठेवले आहे. तुकोबांच्या घरातही वाटणी झाली होती. सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवायची ठरवली तेव्हा धाकट्या कान्होबांनी आपला अर्धा वाटा मागितला, तुकोबांनी तो दिला आणि आपल्या वाट्याचेच कागद बुडवले, असे परंपरा सांगते. हेच कान्होबा पुढे तुकोबांमागे टाळ घेऊन उभे राहिले, आणि तुकोबा गेल्यावर थोरल्या भावासाठी त्यांनी फोडलेला टाहो अभंगरूपाने आजही गाथेत आहे. वाटा मागितला म्हणून भाऊपण संपले नाही, आणि वाटा दिला म्हणून तुकोबांचे काही उणे झाले नाही. दादांना किंवा यजमानांना असे काही सुचायला हवे होते, असा विचार माझ्या मनात आला. पण त्याच्या पाठोपाठ हेही आले की त्या दोघांनी काय करावे याची वाट पाहत मी किती काळ बसणार?

माळशिरस, वेळापूर मागे पडले की तोंडले-बोंडलेच्या पुढे टप्पा म्हणून जागा आहे. तिथे सोपानकाकांची पालखी येऊन माऊलींना भेटते, त्याला बंधुभेट म्हणतात. आम्ही रथामागच्या दिंडीत असल्याने मला फार जवळून दिसले नाही; दोन्ही रथ एकमेकांजवळ आलेले दिसले, मानाच्या नारळांची देवाणघेवाण झाल्याचे पुढून कळले, आणि आजूबाजूची दांडगी, उन्हाने रापलेली माणसे उपरण्याने डोळे पुसू लागली. सासवडला आपापल्या वाटेने निघालेले दोन भाऊ वाटेत भेटले होते. पण भेटीनंतर त्या पालख्या एक झाल्या नाहीत. दोन रथ, दोन वेगळे चोपदार, दोन वेगळ्या दिंड्यांच्या रांगा, सगळे होते तसेच राहिले आणि पंढरीची वाट चालू लागले. एकत्र घर परत यावे म्हणून मी त्या वर्षी मनातल्या मनात जे मागणे मागत आले होते, ते तिथे माझ्याकडून आपोआप सुटले. त्याच्या जागी दुसरे एक काम दिसू लागले आणि ते माझ्या हातात होते.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेला मी लागले नाही. चंद्रभागेचे स्नान केले, कळसाला हात जोडले आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन परतले. वारीहून आल्यावर आमच्याकडे मावंदे, म्हणजे वारी पुरी झाल्याचे जेवण, घालतात. आजवर ते आत्याबाई आणि त्यांच्यामागून अक्का ठरवत. या वेळी मी यजमानांना दिवस सांगितला, किराणा भरला आणि स्वतः भिंतीपलीकडे जाऊन आमंत्रण दिले. दादा खाटेवर बसले होते. मी त्यांना टाळ परत करू लागले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्याकडेच असू दे, पुढच्या वर्षी लागतील." मावंद्याच्या दिवशी अक्का पहाटेच आल्या, पुरणाचे पातेले त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले आणि मीठ-गुळाचे माप बोलत बोलत दोघींनी चाळीस पानांचा स्वयंपाक केला. दोन्ही भाऊ एका पंगतीत बसले, बांधाचा विषय कोणी काढला नाही. मोजणीचा अर्ज अजून तालुक्याला आहेच, भिंतही आहे, आणि पुढच्या ज्येष्ठात अक्कांनाही वारीला यायचे आहे, म्हणून गेल्या आठवड्यात डेअरीत जाऊन त्यांच्या नावाचे खाते आम्ही दोघींनी उघडून घेतले.